गैरहजर तबकडीची कैफियत

संगणक या यंत्राविषयी सुशिक्षित समाजात जो एक आदरयुक्त धाक आढळतो, त्याचे मूळ बहुधा या समजुतीत असावे की, ज्यास ग्रहणाचे गणित क्षणार्धात मांडता येते त्यास स्वतःच्या पोटात काय आहे एवढे तरी ठाऊक असणारच. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. दररोज सकाळी आपण कळ दाबतो त्या क्षणी, आपणांस स्मृती आहे की नाही, कळफलक जोडलेला आहे की नाही, पडदा आहे की नाही, आणि ज्या तबकडीवर मालकाचा सारा पत्रव्यवहार, आयकराची विवरणे व कन्येच्या विवाहाची छायाचित्रे साठविलेली आहेत ती तबकडी आज जागेवर आहे की रात्रीतून परागंदा झाली, यांपैकी कशाचाही भरवसा न बाळगता हे महापंडित यंत्र प्रत्येक गोष्टीची नव्याने चौकशी करीत उठते. ही चौकशी करणारा जो अधिकारी, तो बायोस.

हा अधिकारी बुद्धिमान नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. गॅरी किल्डॉल याने आपल्या सीपी/एम या प्रणालीत ज्या भागास हे नाव दिले, त्याची पुढे १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला तेव्हा मदरबोर्डावरील एका चिपेत कायमची नेमणूक झाली. काम मात्र एकच: हजेरी घेणे, हजर असलेल्यांची नावे पटावर चढविणे, आणि पटावर ज्याचे नाव आहे अशा एखाद्या तबकडीचे पहिले ५१२ बाइट वाचून, त्यांच्या अखेरीस ठरलेली दोन बाइटांची निशाणी असल्याची खातरजमा करून, कारभार तिच्या सुपूर्द करून बाजूस होणे. पटावर ज्याचे नाव नाही तो पदार्थ विश्वात नाही, हा त्याचा सिद्धांत. आणि तो पदार्थ समोर गरम होऊन गुरगुरत असला तरी या सिद्धांतास बाध येत नाही.

त्या पहिल्या यंत्रात या अधिकाऱ्यास स्वतःचे दफ्तरच नव्हते. काय काय जोडले आहे ते मालकाने मदरबोर्डावरील इवल्याशा खटक्यांच्या रांगेत बॉलपेनच्या टोकाने सांगावयाचे, आणि तीच तोंडी वहिवाट पुढे चालावयाची. १९८४ साली एटी नावाचे यंत्र आले, त्यात मोटोरोला कंपनीची घड्याळाची चिप होती, आणि तिच्यात ६४ बाइटांची जागा होती. त्यांतील १४ घड्याळाच्या खाजगी कारभारास गेले. उरले ५०. प्रस्तुत वाक्य त्या दफ्तरात मावत नाही, यावरून वाचकांनी त्या अधिकाऱ्याच्या स्मरणशक्तीची कल्पना करावी.

याच दफ्तरात तबकडीची नोंद व्हावयाची, पण तीही तबकडीच्या मर्जीप्रमाणे नव्हे. प्रकारांचा एक तक्ता अगोदरच मुक्रर झालेला होता; त्यातील एखाद्या क्रमांकात तबकडी बसली तर बसली, न बसली तर तिच्या अंगची क्षमता कितीही असो, तिला दाखला मिळत नसे. पुढे सत्तेचाळीसावा म्हणून एक प्रकार प्रचारात आला, ज्यात मालकास हवे ते आकडे स्वहस्ते भरण्याची मुभा होती, आणि अर्थातच सर्वांत अधिक घोटाळे त्यातच झाले. याहून मौजेचा प्रकार पुढील दशकातला. बायोसच्या नियमांनुसार १,०२४ सिलिंडर, २५६ हेड आणि ६३ सेक्टर इतक्यांची नोंद घेता येई, म्हणजे सुमारे ८.४ गिगाबाइटांची सोय होती. आयडीई तबकड्यांच्या नियमांनुसार हेड अवघे १६, परंतु सिलिंडर ६५,५३६ आणि सेक्टर २५५ पर्यंत चालत, म्हणजे सुमारे १३७ गिगाबाइटांची सोय होती. दोन्ही नियम आपापल्या जागी उदार होते. मात्र प्रकरण दोन्ही खात्यांतून मंजूर व्हावयाचे असल्यामुळे प्रत्येक रकान्यात त्या दोहोंपैकी जो कंजूष त्याचाच अंमल चाले, आणि १,०२४, १६, ६३ व सेक्टरागणिक ५१२ बाइट यांचा गुणाकार होऊन जगातील मोठ्यात मोठी तबकडी ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइटांवर येऊन थांबे. त्यापुढची जागा पैसे देऊन विकत घेतलेली असे, तबकडीत प्रत्यक्ष असे, आणि तरीही ती नसे.

आमचे शेजारी भाऊसाहेब महसूल खात्याच्या रेकॉर्डात अव्वल कारकून म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना हा हिशेब मी एकदा समजावून सांगितला तेव्हा त्यांनी यत्किंचितही आश्चर्य दाखविले नाही. "दोन खाती म्हटली की असंच व्हायचं," एवढेच ते म्हणाले, आणि बायोसविषयी त्यांच्या मनात जो जिव्हाळा मला पुढे दिसून आला त्याचा आरंभ तेथेच झाला असावा.

या भाऊसाहेबांच्या संगणकावर एके दिवशी प्रातःकाळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत असा खलिता उमटला की, सीमॉसच्या, म्हणजे त्याच दफ्तराच्या, बेरजेत तफावत आढळल्यामुळे मूळच्या सेटिंग्ज बहाल करण्यात आल्या आहेत, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबावे. ते दाबताच दुसरा खलिता आला: रीबूट करून योग्य ते बूट साधन निवडावे, अथवा निवडलेल्या साधनात बूट माध्यम घालून कोणतीही कळ दाबावी. भाऊसाहेबांनी दोन्ही मजकूर वहीत उतरून घेतले, आणि दुसऱ्यातील भाषेची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. कारण त्यात तबकडी हरवली असे कोठेही कबूल केलेले नव्हते, दोष कोणाचा हे सांगितलेले नव्हते, आणि तरीही पुढील कार्यवाहीची जबाबदारी संपूर्णपणे अर्जदारावर टाकलेली होती.

संगणक बिघडला ही वार्ता आमच्या इमारतीत जिन्यावरून वर जाण्यास जितका वेळ लागतो तितक्या वेळात तज्ज्ञ खाली उतरतात. त्यांच्या तीन परंपरा आहेत. पहिली परंपरा व्हायरसवाद्यांची. यांच्या मते जगातील कोणतेही दुःख व्हायरसजन्य असून, ज्या यंत्रास आपली तबकडीच सापडत नाही त्याच्या त्या तबकडीवर अँटिव्हायरस चढविणे हा उपाय आहे. दुसरी परंपरा 'फॉरमॅट मारा' म्हणणाऱ्यांची. ही मंडळी स्वभावाने संन्यासमार्गी असून परक्याच्या संचिताविषयी त्यांची निरिच्छता अगदी पाहण्यासारखी असते. तिसरी परंपरा खोडरबरवाल्यांची. रॅमची पट्टी उपसावी, तिच्या सोनेरी कडेवर शाळकरी पोराचे खोडरबर घासावे आणि ती पुन्हा बसवावी, असा त्यांचा विधी आहे, आणि मला हे नमूद केले पाहिजे की तिन्हींमध्ये काही शास्त्राधार असेल तर तो यांच्याच जवळ आहे, कारण त्या कडेवर चढलेल्या मळाने खरोखरच यंत्रे अडतात. मात्र तबकडी हरवली असता रॅम घासणे हे, अर्ज एका टेबलावर अडला असता दुसऱ्या टेबलावरील कारकुनास चहा पाजण्यासारखे आहे. संबंध वाढतात, काम होत नाही.

अखेर तपकीर गल्लीतील एका दुकानातून एक मुलगा आला. पुण्यात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तपकीर गल्ली, मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, ही आपली क्षेत्रे; पैकी लॅमिंग्टन रोडाचे दफ्तरी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असून त्या नावाने पत्ता विचारणारा गृहस्थ हार्डडिस्क घेण्यास आलेला नाही हे तेथील दुकानदार तत्काळ ओळखतो. मुलाने कॅबिनेटची बाजूची पत्र्याची फळी काढली, आत डोकावून पाहिले आणि म्हणाला, "काका, सेल गेलाय."

हा सेल म्हणजे सीआर २०३२ या नावाची, वीस मिलिमीटर व्यासाची, तीन व्होल्टांची, रुपयाच्या नाण्यासारखी दिसणारी चकती. संगणक भिंतीतील विजेला जोडलेला असतो तोवर बायोसचे घड्याळ त्या विजेवर चालते. वीज तुटली म्हणजे दफ्तर आणि घड्याळ या दोहोंचे पोट या चकतीवर. ज्या घरांत रात्री झोपण्यापूर्वी भिंतीवरील एकूण एक खटके बंद करण्याची शिस्त आहे, त्या घरांत ती लवकर खंगते. भाऊसाहेबांच्या घरी ही शिस्त फ्रीज वगळता सर्वांना लागू आहे.

मुलाने पिनेचे टोक घालून सेल उचकटला, विजेची वायर भिंतीतून काढली, आणि मग वीज नसलेल्या यंत्राची चालू करण्याची कळ बराच वेळ दाबून धरली. हे भाऊसाहेबांना चमत्कारिक वाटले. त्याने खुलासा केला की आत कपॅसिटरांत थोडी वीज उरते, तेवढ्यावर बायोस जुनी आठवण धरून ठेवतो. म्हणून शेवटचा थेंबही काढून घ्यावयाचा. काही मदरबोर्डांवर यासाठी तीन काट्यांचा एक स्वतंत्र जंपर असतो, तो एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर क्षणभर सरकविला की तेच साधते. (अलीकडच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआय या त्याच्या वारसाने घेतली असून तो सेटिंग्ज फ्लॅश चिपेत लिहून ठेवतो, त्यामुळे नुसता सेल काढला तर पुष्कळदा केवळ घड्याळ विसरते आणि बाकीची अढी कायम राहते.)

"म्हणजे अंमलदाराची चूक दुरुस्त करायची तर त्याचा शिधा बंद करायचा," भाऊसाहेब म्हणाले. "मग तो कामावर आला की त्याला आधीचं प्रकरणच ठाऊक नाही."

"तसंच काका. रिसेट म्हणतात त्याला."

"आमच्याकडे बदली म्हणत."

नवा सेल बसवून यंत्र चालू केले तेव्हा बायोसचा निळा पडदा आला, आणि त्यावरील तारीख पाहून भाऊसाहेब काही काळ निःशब्द उभे राहिले. मूळपदावर गेलेले घड्याळ मदरबोर्ड तयार झाला त्या वर्षीच्या एक जानेवारीपासून काळ मोजू लागले होते, आणि त्या हिशेबाने भाऊसाहेबांची निवृत्ती व्हावयास अद्याप अवकाश होता. मुलाने तारीख दुरुस्त करण्यासाठी हात पुढे केला तो त्यांनी थोपविला. "राहू दे जरा," ते म्हणाले.

पण तबकडीचा पत्ता नव्हता. साटा पोर्ट एक: नॉट डिटेक्टेड. दोन: नॉट डिटेक्टेड. असे सहाच्या सहा. या ठिकाणी एक भेद ध्यानात घेणे अगत्याचे आहे, जो न केल्यामुळे पुष्कळ सज्जनांनी आपल्या तबकड्या गमावल्या. बायोसच्या पटावर तबकडी आहे पण विंडोजमध्ये दिसत नाही, हा एक मामला. बायोसच्याच पटावर ती नाही, हा अगदी वेगळा. भाऊसाहेबांच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्यात मालकी सिद्ध असून कब्जा मिळालेला नाही, आणि दुसऱ्यात मिळकतच कोठे आहे ते कळत नाही. पहिल्या मामल्यात डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावे. तबकडीस अक्षर दिलेले नसेल तर द्यावे. मात्र तेथे "ही तबकडी इनिशियलाइझ करावयाची काय?" असे जे एक अत्यंत अदबीने विचारण्यात येते, त्यास तबकडी कोरी असल्याखेरीज होकार देऊ नये. इतक्या नम्रपणे विचारलेल्या प्रश्नामागे इतका अनर्थ दडलेला अन्यत्र क्वचितच सापडेल.

दुसऱ्या मामल्यात कानाचा उपयोग करावा. तबकडी फिरत असल्याची बारीक घरघर येत असेल तर ती जिवंत आहे आणि दोष बहुधा वाटेत आहे. काहीच आवाज नसेल तर बहुधा तिला वीज पोहोचत नाही. ठराविक अंतराने टक्, टक् असा आवाज येत असेल, तर मात्र यंत्र तत्काळ बंद करावे, आणि आतील ऐवज मोलाचा असेल तर तो काढून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे तबकडी न्यावी. कारण ज्या हेडांनी पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरांवर तरंगावयाचे, ती ठिकाण न सापडल्यामुळे वारंवार माघारी येत असल्याची ती खूण आहे, आणि अशा वेळी बायोस रिसेट करीत बसणाऱ्यांची मला मनस्वी भीती वाटते.

भाऊसाहेबांच्या तबकडीतून घरघर येत होती. मुलाने तिच्यापासून मदरबोर्डापर्यंत गेलेली तांबडी, चपटी, सात जोडण्यांची साटा केबल दोन बोटांत धरून ओढली, ती काहीही विरोध न करता हातात आली. त्याने ती पुन्हा दाबून बसविली, आणि दुसऱ्या क्षणी पटावर तबकडीचे नाव, तिच्या नमुन्याच्या क्रमांकासह, उमटले. या केबलच्या पहिल्या पिढीत पकड घेणारी लोखंडी खिट्टी नव्हती. पंख्याच्या कंपाने, अथवा झाडलोट करताना कॅबिनेट सरकविल्याने, ती केसभर ढिली होई, आणि केसभर हे अंतर हजेरीच्या दृष्टीने शंभर कोसांइतकेच आहे. याहून निराळ्या कारणांनीही नाव कमी होते. काही मदरबोर्डांवर एम-टू नावाच्या खाचेत नवी, पट्टीसारखी तबकडी बसविली की जुन्या साटा पोर्टांपैकी एकदोन आपोआप बंद पडतात, कारण दोघांसाठी वाट एकच मंजूर झालेली असते. हे मदरबोर्डाबरोबरच्या पुस्तिकेत तळटीपेत दिलेले असते, आणि पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते.

तबकडी सापडली, आता सारे सुरळीत होणार, अशा समजुतीने वहिनींनी चहा आणला. विंडोजचे चिन्ह पडद्यावर आले, ठिपके गोल फिरू लागले, आणि एकाएकी सर्वत्र निळे होऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. तबकडी पटावर हजर, निशाणी जागेवर, आणि तरी बूट साधन पोहोचण्यापलीकडे असल्याचा शेरा. माझ्या मते संपूर्ण बायोसशास्त्रात याहून उत्तम स्थळ नाही. तबकडीशी बोलण्याच्या दोन रीती आहेत, जुनी आयडीई आणि नंतरची एएचसीआय. संगणक घेतला तेव्हा ज्या कोणी विंडोज चढविले त्याने बायोसमध्ये दुसरी रीत लावून मगच ते चढविले होते. ती गोष्ट त्याने कोणास सांगितली नाही, बायोसने मात्र सेल असेतोवर इमानाने लक्षात ठेविली. रिसेट होताच अंमलदार मूळच्या शिरस्त्यावर गेला आणि जुन्या रीतीने बोलू लागला, आणि त्या रीतीची तयारी नसलेले विंडोज गोंधळून कोसळले. म्हणजे सेल बदलून पहिला दोष गेला, केबल बसवून दुसरा गेला, आणि तिसरा जो उरला तो मूळपदावर जाण्याने उत्पन्न झालेला होता. ज्या संगणकांत तबकडी बिटलॉकरने कुलूपबंद असते तेथे तर रिसेटनंतर यंत्र मालकासच अनोळखी ठरवून ४८ आकडी किल्ली मागते, आणि ती किल्ली कोठे ठेविली आहे याची नोंद, पुष्कळदा, त्याच तबकडीवर असते.

मुलाने साटा मोडपुढे आयडीई होते ते बदलून एएचसीआय केले, एफ-१० दाबले, आणि विंडोज उघडले. पडद्यावर भाऊसाहेबांच्या नातवाचे छायाचित्र आले. पाठोपाठ त्यांनी निवृत्तिवेतनाचे संकेतस्थळ उघडण्याचा यत्न केला तेव्हा ब्राउझरने कळविले की हे स्थळ सुरक्षित नाही, कारण तारीख पाहता त्याच्या प्रमाणपत्राची मुदत अद्याप सुरूच झालेली नाही. निवृत्त न झालेल्या मनुष्यास निवृत्तिवेतन मिळत नाही हा नियम भाऊसाहेबांना पाठ होता. त्यांनी मुकाट्याने तारीख दुरुस्त करू दिली.

मुलगा आवराआवर करू लागला, तोच भाऊसाहेबांनी त्यास बसवून घेतले. त्यांनी कपाटातून एक लांब पुठ्ठ्याची वही काढली, तांबड्या शाईने रकाने आखले, आणि बायोसचा प्रत्येक पडदा पुन्हा उघडावयास लावून त्यावरील एकूण एक नोंद, साटा मोड, बूटचा क्रम, पंख्याचा वेग, इतकेच नव्हे तर त्यांच्या यंत्रात मुळीच नसलेल्या फ्लॉपी ड्राइव्हपुढील 'डिसेबल्ड' हा शेरा धरून, उतरून घेतली. मुलाने सुचविले की मोबाइलवर फोटो काढला तरी चालेल. भाऊसाहेब म्हणाले की मोबाइललाही सेल असतो. मग जुना सेल लखोट्यात घालून तो वहीस टाचण्यात आला, नव्याची तारीख लिहिण्यात आली, कॅबिनेटच्या आतील बाजूस तीच तारीख लिहिलेली चिठ्ठी डकविण्यात आली, आणि दुरुस्तीच्या खर्चाचा आकडा अक्षरी लिहून झाल्यावर मुलाने सही केली.

"इथं नाही," भाऊसाहेब म्हणाले, "समक्ष या रकान्यात. इथं साक्षीदारांची." आणि त्यांनी लेखणी माझ्यापुढे केली.